नववा मजला आणि माझे गप्पी

१२ ऑगस्ट

आईला विचारून काही करायची पद्धत आता उरलेलीच नाही. आज मातृदिन. लोकांच्या मुली मोगऱ्याची फुलं घेऊन येतात, आईच्या पायाशी बसतात, फोटो काढतात. माझ्या मुलीने काचेची पेटी पाठवली. टेम्पोवाला ओट्यावर ठेवून गेला. सोबत पंप, दिवा, रंगीत खडे आणि पिशवीत पाणी भरून सहा गप्पी मासे. माझ्या घरात मासे! तीस वर्षं मी मॅक्लाँगच्या बाजारात बांगडे विकले. वाफवलेले, मान मोडून टोपलीत बसवलेले. घरात जिवंत मासा पोहताना बघायची हौस मला कधी नव्हती.

असो. वहीला नमस्कार. ही वही आरोग्यसेविकेने रक्तदाब लिहायला दिली. तो तीच येऊन मोजते आणि तीच लिहिते, म्हणजे बाकीची पानं माझी. मी चौथीपर्यंत शिकले. अक्षर वाकडं येतं, पण वाचायचं कुणाला आहे?

पिकुनचा फोन आला. "आई, आवडली का? तुला सोबत होईल."

"सोबत हवी असती तर कोंबड्या पाळल्या असत्या. त्या अंडी तरी देतात."

ती हसली नाही. जून महिन्यात मी खाडीच्या पायऱ्यांवर घसरले आणि मनगट मोडलं, तेव्हापासून ती माझ्या विनोदाला हसत नाही. तेव्हापासून एकच धोशा: आई, बँकॉकला चल, नवव्या मजल्यावर राहा. नवव्या मजल्यावर मी काय करू? चिमण्यांशी भांडू?

१५ ऑगस्ट

सगळे मेले. आधी एक तळाशी बसला. मग दोघांच्या शेपट्या छत्रीसारख्या मिटल्या. शेवटचा आज सकाळी पोट वर करून तरंगत होता. मी त्याला केळीच्या बुंध्याशी पुरलं. खत होईल.

पिकुनला सांगितलं तर म्हणते, "आई, तुला सहा मासे सांभाळता आले नाहीत. मग एकटीने घर कसं सांभाळशील?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "भंतेंचा वर्षावास संपेपर्यंत थांब. त्या दिवशी ये आणि पेटीत बघ. मासे धडधाकट असतील तर मी इथेच मरेन. नसतील तर नवव्या मजल्यावर येऊन मरेन."

"मरायचं कशाला काढतेस?"

"ठरलं की नाही ते सांग."

"ठरलं," म्हणाली. शब्द दिला. आता मागे फिरता येत नाही, तिलाही आणि मलाही.

१८ ऑगस्ट

शेजारची लमाय मला तिच्या तीनचाकी गाडीवरून बाजारात घेऊन गेली. लमाय माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला पी म्हणजे ताई म्हणते. चांगली बाई आहे, पण न सांगितलेली कामं आधी करते. वाटेत दोन ठिकाणी थांबून तिने माझ्यासाठी पपई घेतली. मला पपई चालत नाही.

माशांच्या दुकानात गेले. वाटलं, मासा ओळखायला मला कोण शिकवणार? डोळा चकचकीत, कल्ला लाल, दाबलं तर घट्ट. सगळ्यांत शांत, एका जागी नीट उभे असलेले मासे निवडले. कल्ला बघायला एकाला दोन बोटांत धरून वर काढलं, तर दुकानदार ओरडला, "याय! अहो आजी, तो जिवंत आहे!"

"मग? जिवंताला कल्ले नसतात?"

लमाय हसून हसून खाली बसली.

२१ ऑगस्ट

तेही गेले. अंगावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके, मग शेपटी मिटली, मग तळ गाठला. आज ओट्यावर बसून विचार केला. मेलेला मासा शांत असतो, म्हणून बाजारात शांत मासा बरा वाटतो. जिवंत मासा शांत असेल तर तो आजारी असतो. तीस वर्षं मी मासा ओळखला, पण तो मेल्यानंतरचा. हे मी लमायला सांगणार नाही.

पेटी रिकामी केली. खडे उकळत्या पाण्यातून काढले, काच उन्हात टाकली. मनगट ठणकतंय. हेही कुणाला सांगणार नाही.

२४ ऑगस्ट

आज लमायबरोबर बसने बान पोंगला गेलो. तिथे गावाबाहेर माशांची शेती आहे, सिमेंटच्या हौदांच्या रांगाच रांगा. मालकीण चिनी वळणाची जाडजूड बाई. सगळे तिला जे मुय, म्हणजे मुयताई, म्हणतात. मी म्हटलं, "जे, मला मासे नकोत आधी. त्यांना माझ्यासमोर खायला घाल."

"का हो याय?"

"जेवायला कोण धावतं ते बघायचंय. मला मुलगा असता तर सुनाही अशाच बघितल्या असत्या."

तिने चिमूटभर पूड टाकली. एका हौदात सगळे तुटून पडले. शेजारच्यात निम्मेच आले, बाकीचे कोपऱ्यात अंग घासत राहिले. तळाला दोन मेलेलेही दिसले. त्या हौदाकडे मी पाठ केली. जे मुय म्हणाली, "याय, त्यातले अर्ध्या भावात देते."

"अर्धे मेलेत म्हणून का?"

मग ती खुर्ची घेऊन माझ्यापाशी बसली आणि आम्ही दोघींनी निवडले. शेपटी उघडी हवी, मोराने पिसारा धरल्यासारखी. पोट खपाटीला गेलेलं नको, पाठीला पोक नको. विष्ठा काळसर हवी, पांढऱ्या दोऱ्यासारखी लोंबणारी नको. मी तीन नर मागितले तर ती म्हणाली, "दोन पुरे. माद्या जास्त घ्या. नर जास्त झाले तर माद्यांच्या मागे लागून लागून त्यांना मारतात."

हे मला माझ्या लग्नाआधी कुणीच सांगितलं नाही.

निघताना तिने बजावलं, "आमच्या पाण्यात मीठ असतं. एकदम नळाच्या पाण्यात टाकाल तर तुमचे आधीचे मेले तसे हेही मरतील. आधी बादलीत ठेवा. रोज थोडं थोडं तुमचं पाणी मिसळा. पेटीची घाई करू नका. आणि मादीचं पोट चौकोनी दिसायला लागलं की तिला वेगळी काढा."

"मादी अंडी कुठे घालते?"

"अंडी नाही याय, ही थेट पिल्लं देते. आणि भूक लागली तर खातेही."

घरी येताना मांडीवर बादली. बसमधला एक माणूस म्हणाला, "याय, सूप करणार का?" मी म्हटलं, "तू जेवायला येणार असशील तर करते."

५ सप्टेंबर

बादलीतले सगळे खातायत. सकाळी माझी सावली पडली की वर येतात, भिकाऱ्यासारखे तोंड उघडून. लमायने एकाचं नाव ठेवायचा प्रयत्न केला. मी तंबी दिली: नाव ठेवायचं नाही. नाव ठेवलेलं मेलं की रडावं लागतं.

पिवळीचं पोट चौकोनी झालं, म्हणून तिला वेगळी काढली. स्वयंपाकघरातल्या मातीच्या कुंडीत ठेवली, वर पाणवनस्पतीचा झुबका टाकला.

पिकुन रोज फोनवर मासे दाखव म्हणते. पाळत ठेवते माझ्यावर. मी फोन बादलीवर धरते आणि ती बघत बसते. काल विचारलं, "जेवलीस का?" तर म्हणे, "जेवतेय ना, तुझ्याबरोबर." तिच्या हातात कपातले नूडल्स. मी म्हटलं, "तुझा नवरा?" म्हणे, "चत रयाँगला आहे, या आठवड्यातही." नातू खोनकेनला शिकायला गेला. म्हणजे त्या घरात आता धुणं कमी, भांडी कमी. मजा आहे तिची.

७ सप्टेंबर, पौर्णिमा

आज मला शिवी देता येत नाही. पहाटेच विहारात जाऊन शील घेऊन आले होते, उद्या उजाडेपर्यंत वाईट बोलायचं नाही. म्हणून जे झालं ते फक्त लिहिते.

मासे आज पेटीत सोडायचे होते. बादली ओट्याच्या पायरीवर ठेवली, कावळ्याच्या भीतीने वर पांढरं फडकं बांधलं आणि आत पंप लावायला गेले. बाहेर आले तर बादली गायब.

थोड्या वेळाने लमाय आली. केस ओले, चेहरा तेजाने फुललेला. हातात रिकामी बादली आणि घडी केलेलं फडकं. "पी थोंगबाय, साधू, पुण्य घडलं! तुझे गुडघे दुखतात म्हणून तू बादली बाहेर ठेवलीस ना? मला कळलं लगेच. तुझ्या नावाने विहाराच्या घाटावर सोडले. एकेक सोडताना म्हटलं, पी थोंगबायला दीर्घायुष्य लाभो."

पौर्णिमेचा दिवस, दारात फडकं बांधलेली बादली, आत मासे. मासे पाण्यात सोडून पुण्य मिळवायचं, इथे कुणाच्याही मनात हेच आलं असतं. माझ्याही आलं असतं. म्हणूनच जास्त राग येतो.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. परत उघडलं आणि मिटलं. लमाय म्हणाली, "बोलू नकोस, मला माहीत आहे. पुण्यात तुझा निम्मा वाटा."

८ सप्टेंबर

उजाडलं आणि शील संपलं. लमायला जे बोलायचं होतं ते सगळं बोलले. ती रडली. मग दोघी जाळी घेऊन घाटावर गेलो.

मासे तिथेच होते. पायरीला चिकटून, शेवाळाच्या कडेला. लाल शेपटीवाला नर तर माझ्या पायाच्या बोटाशी आला. मी जाळी पाण्यात घातली, तेवढ्यात मागून आवाज आला, "थोंगबाय उपासिका, या घाटावर जाळं लावत नाहीत."

मोठे भंते. मागे पाटी आहेच, लहानपणापासून बघते: इथल्या पाण्यातल्या जिवांना अभय आहे.

मी हात जोडले. "भंते, हे मासे माझे आहेत."

"होते."

"ही लमाय चुकून सोडून गेली."

"चुकून अभय मिळालं तर ते परत घ्यायचं का?"

"भंते, हे नसतील तर माझी मुलगी मला बँकॉकला नेईल. नवव्या मजल्यावर."

भंतेंनी चीवर सावरलं. मग म्हणाले, "तिथे वाऱ्याला तोटा नसेल." आणि निघून गेले. त्यांना हसू येत होतं, मला स्पष्ट दिसलं.

मी पायरीवर बसले. सगळ्यांच्या शेपट्या उघड्या. मीठमिश्रित खाडीचं पाणी त्यांना मानवलं होतं. निवड माझी चांगली होती. पण ती पिकुनला दाखवायची कशी?

लमाय म्हणाली, "पी, मी तुला परत बान पोंगला घेऊन जाते."

"तू कुठेच नेऊ नकोस. तू फक्त बस."

१२ सप्टेंबर

पिवळी व्याली. सकाळी कुंडीत बघितलं तर पाण्यात टिंबं हलतायत. दोन डोळे, एक शेपटी, मध्ये काहीच नाही. मला मोजता येईनात. पिवळी त्यांच्याकडे अशा नजरेने बघत होती की मी तिला लगेच चमच्याने उचलून दुसऱ्या भांड्यात टाकली. आईपण दोन मिनिटं पुरलं बाईला.

जे मुयला फोन केला. म्हणाली, "उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक, बोटावर घासून, अगदी कणभर. उरलेलं पाणी खराब करतं, ते काढा."

पिकुनला दाखवलं. ती पडद्याच्या अगदी जवळ आली. मग म्हणाली, "आई, फोन असाच ठेवशील? बोलायचं नाही, नुसता ठेव. मी कामं करते इकडे." मी फोन कुंडीला टेकवून ठेवला आणि भाजी चिरली. दुपारपर्यंत चालू होता. पैसे तिचेच जातात, माझं काय. मध्येच तिचा आवाज आला: "आई, तू गाणं म्हणतेस?" मी गप्प झाले. तर म्हणे, "थांबू नकोस ना."

२० सप्टेंबर

काही पिल्लं गेली. सगळी नाहीत. पाणी रोज थोडं बदलते, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. पिल्लं आता पेटीत आहेत, पिवळी कुंडीत.

आज खरं लिहिते, कारण हे कुणी वाचत नाही. मला त्या लिफ्टची भीती वाटते. मागच्या वर्षी एकदा गेले होते. दार मिटलं आणि मला वाटलं, बांगड्याच्या टोपलीवर झाकण ठेवतात ते असंच. वर गेल्यावर पिकुनने चहा दिला, गादी दाखवली, खिडकी दाखवली. खाली माणसं दिसत होती, पण आवाज नव्हता. रात्री झोप आली नाही. तिला सांगितलं, गादी मऊ होती म्हणून. इथे दिवसभरात कुणी ना कुणी होडीतून ओरडतंच: याय, नारळ घेता का, याय, पाणी चढलंय. मी ओरडून उत्तर देते. तिथे कुणाला उत्तर देऊ?

आणि ही पिल्लं पैजेत धरली जातील की नाही, हेही माहीत नाही. पिकुन म्हणू शकते, ठरलं होतं ते मोठ्या माशांचं. ती शाळेत फार हुशार होती.

२९ सप्टेंबर

आज दुपारी वीज गेली, पंप बंद. पिल्लं वर येऊन तोंडं उघडायला लागली. मी करवंटीच्या पळीने पाणी उचलून वरून ओतत बसले. हात भरून आला तेव्हा लमाय आली, न बोलता पळी घेतली आणि संध्याकाळपर्यंत ओतत राहिली. मधून मधून पुटपुटत होती. मी विचारलं, "काय म्हणतेस?"

"दीर्घायुष्य लाभो म्हणतेय. या वेळी माशांना."

वीज आल्यावर तिला भात आणि बांगडा वाढला. मिरचीची चटणी तिच्या आवडीची केली. माफी वगैरे मागितली नाही. तिनेही नाही.

७ ऑक्टोबर, वर्षावास संपला

पिकुन सकाळच्या व्हॅनने आली. हातात केवढी मोठी बॅग. दोन दिवसांसाठी एवढे कपडे? शहरातल्या बायकांना बदलायला फार लागतं.

आल्या आल्या पाय धुतले नाहीत, पेटीसमोर जाऊन जमिनीवर बसली. पिल्लं तिच्या बोटामागे धावायला लागली. काहींच्या शेपटीला आता रंग येतोय, नखाला लागलेल्या हळदीइतका. मी मागे उभी. म्हटलं, "मोठे नाहीत. मोठे विहारात आहेत, लमायमुळे. फक्त त्यांची आई आहे, ती तिकडे कुंडीत. काय ते आत्ताच सांगून टाक."

ती काचेवरून बोट फिरवत राहिली. मी म्हटलं, "पिल्लं धरत नसशील तर तसं सांग. मी शब्द पाळते."

"आई, किती आहेत ही?"

"एका जागी उभी राहतील तेव्हा मोजीन."

ती वळली. डोळे लाल होते, व्हॅनमधली थंड हवा तिला सोसत नाही. म्हणाली, "तू इथेच राहा. तुला तिकडे न्यायचं मी पुन्हा कधी काढणार नाही."

मी "बरं" म्हटलं. सुटले एकदाची, पण तिच्यासमोर तसं दाखवायचं कशाला? भात लावला.

संध्याकाळी लमायसकट तिघी घाटावर गेलो. मोठे भंते होते. पिकुनने पाव कुस्करून टाकला, माझे सगळे मासे वर आले, पिसारे उघडे. भंते तिला म्हणाले, "तुझ्या आईने इथे जाळं टाकलं होतं, सांगितलं का तिने?" पिकुन हसली. खूप दिवसांनी मोठ्याने हसली. दात मोजता आले असते.

८ ऑक्टोबर

पिकुन दहापर्यंत झोपली. एवढं कुणी झोपतं का? उठवलं नाही. उठल्यावर चार वाट्या पेज प्यायली, मग बाह्या सरसावून पेटीची काच घासायला बसली. मी म्हटलं, "हळू, पिल्लं घाबरतील." म्हणे, "आई, ऑफिसचं काम फोनवरूनही होतं हल्ली. थोडे दिवस इथे राहिले तर?"

"थोडे म्हणजे किती?"

"माहीत नाही."

"राहा की. पण पाणी रोज तू बदलायचं, माझं मनगट दुखतं." बोलून गेले आणि जीभ चावली. तिने माझा हात धरून बघितला. रागावली नाही, नुसता धरून बसली. हात सोडवून घ्यायला मला बराच वेळ लागला.

मग लमाय केळ्याचे वडे घेऊन आली आणि पिकुनकडे बघून म्हणाली, "राहतेय का ही? छान! मी चतला कळवू का? माझ्याकडे नंबर आहे." लमाय आणि तिची पुण्याची कामं.

आता पिकुनचा फोन वाजतोय. पडद्यावर चतचं नाव. पिकुनचे दोन्ही हात पाण्यात आहेत आणि ती माझ्याकडे बघतेय. लमायचा हात फोनकडे निघालाय. मी लिहायचं थांबवत नाही, इथूनच सांगतेय: लमाय, हात मागे घे. मी उचलणार नाही आणि तूही उचलायचा नाहीस. पिकुन, हात पूस. नवरा तुझा आहे, विचारेल ते तुलाच विचारेल. उत्तर तूच द्यायचंस.